हा कोड कोणाच्या वेळेत चालतो? : प्रस्तावना

म्हैसूरहून हुणसूर रस्त्याने बाहेर पडले की हूटगळ्ळीची औद्योगिक वसाहत लागते. ट्रक आणि बसचे अ‍ॅक्सल बनवणारी, 1981 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स ही कंपनी इथलीच. पुण्याचा कल्याणी समूह तिच्या भागीदारांपैकी एक. तिथून जवळच, हेब्बाळच्या बाजूला, इन्फोसिसचा विस्तीर्ण प्रशिक्षण परिसर आहे. इन्फोसिसची स्थापनाही 1981 चीच आणि तीही पुण्यातली. कोल्हापूर, नांदेड, नागपूरकडची कितीतरी मुले-मुली पहिल्या नोकरीचे धडे गिरवायला या परिसरात येतात. एका कुंपणाआड लोखंड आहे, दुसऱ्याआड प्रोग्राम. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, जिथे लोखंडाने दिलेला संकेत प्रोग्रामच्या हाती पडतो. पुढील पाने त्या पट्ट्याविषयी आहेत.

या पट्ट्यावर सहसा कोणी थांबत नाही. अ‍ॅप लिहिणाऱ्याला तो खूप खाली वाटतो, सर्किट आखणाऱ्याला खूप वर. तरीही संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा, मग ती कीबोर्ड असो, नेटवर्क कार्ड असो की यंत्राच्या फिरत्या दांड्यावर बसवलेला एन्कोडर, कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, होणारा व्यवहार इथूनच जातो. त्या वस्तूची भाषा जाणणारा कर्नलमधला भाग म्हणजे ड्रायव्हर. आणि वस्तूने 'माझ्याकडे काही घडले आहे' असे कळवण्यासाठी प्रोसेसरला दिलेला संकेत म्हणजे इंटरप्ट. तो आला की प्रोसेसर हातातले काम जिथल्या तिथे सोडतो, परत येण्यापुरती खूण ठेवतो आणि ड्रायव्हरने नेमून दिलेल्या हँडलरकडे वळतो. (यंत्राजवळचे लाल आणीबाणीचे बटण मात्र या वाटेवर विसंबून ठेवत नाहीत, ते तारांनीच थेट वीज तोडते. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना सॉफ्टवेअरची मर्यादा नीट ठाऊक होती.)

ही मर्यादा फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक्स1 या संगणकाची आखणी चालू होती. सहकाऱ्यांनी त्यात इंटरप्टची सोय सुचवली, तेव्हा डाइक्स्ट्रांनी किमान तीन महिने ते लांबणीवर टाकले. भीतीच वाटली, असे त्यांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवले आहे. संकेत कोणत्या दोन सूचनांच्या मध्ये येईल हे सांगता येत नाही. म्हणून चूक झाली तर ती पुन्हा घडवून दाखवता येत नाही. शेवटी त्यांनी ते काम स्वीकारले आणि 1959 साली त्याच विषयावर प्रबंध लिहिला. भीती खरी होती आणि तिच्यावरचा इलाजही त्यांनीच शोधला: चाचणी घेऊन खात्री करता येत नसेल, तर कागदावर युक्तिवाद करून ती करायची.

नव्या वाचकाला या विषयात मी आग्रहाने बोलावतो तो याच कारणासाठी. इथे महागड्या प्रयोगशाळेपेक्षा पेन्सिलीची मदत जास्त होते, आणि नीट विचार करणारा विद्यार्थी अनुभवी अभियंत्याच्या बरोबरीने बसू शकतो.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. ड्रायव्हरकडे आलेली अक्षरे साठवायला एक बफर आहे आणि त्यात किती अक्षरे आहेत ते सांगणारा एक आकडा. सध्या तो 7 आहे. एक प्रोसेस बफरमधून एक अक्षर उचलते आणि आकडा एकने कमी करायला निघते. आपल्याला ही एकच कृती वाटते. बहुतेक प्रोसेसरांवर मात्र तिचे तीन टप्पे होतात: 7 वाचणे, त्यातून एक वजा करणे, 6 लिहिणे. वजाबाकी झाली आहे, लिहायचे बाकी आहे, आणि नेमका तेवढ्यात इंटरप्ट येतो. हँडलर नवे अक्षर बफरमध्ये टाकतो, 7 चे 8 करतो आणि परततो. थांबवलेली प्रोसेस पुढे सरकते आणि 8 वर 6 लिहून मोकळी होते. खरा आकडा 7 हवा होता. एक अक्षर हरवले आणि कुठेही त्रुटीचा संदेश नाही. ही फट काही नॅनोसेकंदांची असते. तुमच्या टेबलावर हे महिनोन्महिने घडणार नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रावर कधीतरी घडेलच.

यावर पहिला इलाज सुचतो तो कुलपाचा. आकड्याला हात लावण्याआधी स्पिनलॉक घ्यायचा, काम झाले की सोडायचा. पण प्रोसेसने लॉक घेतला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि हँडलरनेही तोच लॉक मागितला, तर? लॉक सुटेपर्यंत हँडलर गोल फिरत राहणार, आणि हँडलर परतल्याशिवाय लॉक सोडणारी प्रोसेस पुढे सरकणार नाही. यंत्र जागच्या जागी गोठते. म्हणून हँडलरशी वाटून घेतलेल्या माहितीचा लॉक घेताना त्या कोअरवरचे इंटरप्टही बंद करावे लागतात, आणि सोडताना ते आधी होते त्याच स्थितीत परत आणावे लागतात. 'आधी होते त्याच स्थितीत' याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सोडताना सरसकट चालू केले, तर ज्याने आधीच बंद करून ठेवले होते त्याचे संरक्षण आपण नकळत काढून घेतो. लिनक्समध्ये यासाठी स्पिन लॉक आयआरक्यू-सेव्ह हे फंक्शन आहे. शिकवण्यासाठी एमआयटीमध्ये लिहिलेल्या एक्सव्ही6 या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये इंटरप्ट किती वेळा बंद केले याची मोजणीच ठेवलेली असते. ती शून्यावर आल्यावरच पूर्वस्थिती परत येते.

एकच प्रोसेसर होता तोवर इंटरप्ट बंद करणे बहुधा पुरे पडत असे. अनेक कोअर आले आणि हा आधार गेला, कारण आपल्या कोअरवर इंटरप्ट बंद असले तरी शेजारच्या कोअरवर तोच हँडलर धावू शकतो. साऱ्या यंत्राचे इंटरप्ट एका आज्ञेत थांबवण्याची जुनी सोय लिनक्सने 2.5 मालिकेत काढून टाकली, तेव्हा कितीतरी ड्रायव्हर पुन्हा लिहावे लागले. जुनी पुस्तके वाचताना हा काळाचा फरक ध्यानात ठेवावा.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. हँडलरला स्वतःची प्रोसेस नसते. जिचे काम अर्ध्यात थांबवले, तिच्याच वेळेत तो चालतो. म्हणून त्याला झोपता येत नाही: म्यूटेक्स या झोपून वाट पाहायला लावणाऱ्या कुलपासाठी ताटकळता येत नाही, थांबावे लागेल अशा रीतीने मेमरी मागता येत नाही, वापरकर्त्याच्या मेमरीतून काही आणता येत नाही. सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ते पाठ करणारे मला पुष्कळ भेटतात. पण ड्रायव्हरमधल्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर 'हे कोणाच्या वेळेत चालते, आणि त्याच क्षणी आणखी कोण इथे असू शकते' हे पेन्सिलीने लिहिणाऱ्याला नियम पाठ करावेच लागत नाहीत.

रूढ उपाय म्हणजे कामाचे दोन भाग करणे. हँडलरमध्ये तातडीचे तेवढेच करायचे: संकेताची दखल घ्यायची, नाशवंत माहिती उचलायची. उरलेले नंतरसाठी सोपवायचे. 2009 साली लिनक्सच्या 2.6.30 आवृत्तीत या मांडणीला नेटके रूप आले आणि दुसऱ्या भागाला स्वतःचा थ्रेड मिळाला. हा थ्रेड झोपू शकतो, रांगेत थांबू शकतो, त्याला प्राधान्य देता येते. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीत, सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नलबाहेर चाललेले रिअल-टाइमचे काम अखेर आत आले. त्या मांडणीत बहुतेक हँडलर थ्रेड म्हणूनच चालतात.

या कल्पनेचा एक पूर्वज पुण्यात होता, आणि मराठी वाचकाला तो माहीत असावा असे मला मनापासून वाटते. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. महासंगणक म्हटले की आपण वेगाचे आकडे सांगतो. मला त्यातल्या प्रोसेसरचे अधिक आकर्षण आहे. तो होता इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा टी800 ट्रान्सप्युटर. बाहेरच्या संकेतासाठी त्यात रूढ अर्थाचा हँडलर नव्हता. इव्हेंट नावाची एक पिन होती. तिच्यावर संकेत आला की तो एखाद्या चॅनेलवरून आलेला संदेश म्हणून मिळे, आणि त्या चॅनेलवर वाट पाहत असलेली प्रोसेस जागी होई. ती वरच्या प्राधान्याची असेल तर खालच्या प्राधान्याचे चालू काम बाजूला सरे. प्रोसेसची ही निवड ट्रान्सप्युटर हार्डवेअरमध्येच करत असे. संकेताला उत्तर देणारा कोड स्वतःच्या वेळेत चालावा, हा विचार इथे थेट चिपमध्ये उतरला होता. ट्रान्सप्युटर बाजारातून गेला, विचार टिकला.

इंटरप्टचा संकेत ज्या लाइनवरून येतो ती सामायिक असेल, तर प्रश्न वेगळा असतो. जुन्या पीसीआय बसवर अनेक उपकरणे एकाच लाइनवर बसतात. त्यामुळे हँडलरने आधी आपल्याच उपकरणाला विचारायचे, 'तू बोलावलेस का?' आणि नसेल तर तसे प्रामाणिकपणे कर्नलला कळवायचे. लिनक्स याचा हिशेब ठेवतो: एका लाइनवरच्या 1,00,000 इंटरप्टांपैकी 99,900 हून अधिक कोणीच स्वीकारले नाहीत, तर तो ती लाइन बंदच करतो आणि कोणी विचारले नाही अशा अर्थाची नोंद लॉगमध्ये टाकतो. आणखी एक बारकावा इथेच सांगतो. 'संकेत मिळाला' म्हणून उपकरणाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेले मूल्य बसवर वाटेत अडकून राहू शकते. हँडलर परततो, लाइन मात्र अजून सक्रियच असते, आणि तो विनाकारण पुन्हा बोलावला जातो. लिहिल्यानंतर तेच रजिस्टर एकदा वाचले की वाटेत अडकलेले लेखन आधी पोचते.

सर्वांत जास्त चुका मला दिसल्या त्या मात्र ड्रायव्हर काढून टाकतानाच्या कोडमध्ये. सुरुवात सगळे काळजीने लिहितात. निरोपाकडे दुर्लक्ष होते. क्रम असा हवा: आधी उपकरणाला इंटरप्ट पाठवणे थांबवायला सांगायचे, मग हँडलर मोकळा करायचा, मग सोपवून ठेवलेली कामे रद्द करायची, आणि सगळ्यात शेवटी मेमरी सोडायची. हँडलर मोकळा करणारे फंक्शन, तो दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर, संपेपर्यंत थांबते; तो थांबा आपल्या बाजूने काम करत असतो. कर्नलची डेव्हएम नावाची सोय ही आवराआवर आपोआप करते आणि नवशिक्याला ती वरदान वाटते. पण ती आवराआवर ड्रायव्हरचे रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर होते. रिमूव्हमध्ये तुम्ही हाताने काही मोकळे केले असेल, तर मधल्या काळात हँडलर जिवंत असतो आणि मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावू शकतो. ही चूक पकडण्यासाठी कर्नलमध्ये एक पर्याय आहे: तो चालू केला की सामायिक हँडलर मोकळा होत असतानाच कर्नल त्याला मुद्दाम एकदा बोलावून पाहतो.

इंटरप्टांचा पूर येण्याचे संकट इथे थोडक्यात सांगतो. नेटवर्कवरून पॅकेट इतक्या वेगाने येतात की प्रोसेसर इंटरप्ट स्वीकारण्यातच गुंतून पडतो आणि एकही पॅकेट पुढे जात नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली ही अवस्था आणि तिच्यावरचा उपाय मांडला. लिनक्सची नेटवर्क व्यवस्था आजही त्याच दिशेने जाते: पहिल्या संकेतानंतर इंटरप्ट बंद करून ती स्वतःच ठराविक संख्येने पॅकेट उचलते आणि काम सरले की इंटरप्ट पुन्हा चालू करते.

2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. त्यात मराठी होती. त्या वर्गांत बसणाऱ्यांना मनात धरून मी हे लिहिले आहे, पण आयटीआय करून कारखान्यात लागलेल्या आणि कंट्रोलरच्या पोटात काय चालते असे कुतूहल असलेल्या वाचकालाही हे परके वाटू नये. सुरुवात करताना लिनक्स असलेल्या संगणकावर प्रॉक निर्देशिकेतली इंटरप्ट्स ही फाइल उघडा. डावीकडे लाइनचे क्रमांक, मध्ये प्रत्येक कोअरचे आकडे, उजवीकडे ड्रायव्हरचे नाव. माउस हलवा, फाइल पुन्हा उघडा, कोणता आकडा वाढला ते पाहा. मग एक्सव्ही6 घ्या. तिचा कोड काही हजार ओळींचाच आहे. आयआयटी मुंबईच्या मिथिली वुटुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टिमवरील व्याख्याने सर्वांना खुली आहेत आणि ती याच कोडचा आधार घेतात. लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स या ग्रंथाची 2005 ची तिसरी आवृत्तीही मोफत मिळते. त्यातले दहावे प्रकरण इंटरप्टचे आहे. फंक्शनांची नावे आणि रूपे तेव्हापासून बदलली आहेत, पण कारणमीमांसा अजून ताजी आहे.

त्यानंतर वाचकांनी एक खरा ड्रायव्हर निवडावा आणि तो शेवटाकडून वाचावा, म्हणजे ड्रायव्हर काढून टाकतानाच्या कोडपासून. माझी शिफारस कर्नलच्या इनपुट विभागातल्या जीपीआयओ-कीज या ड्रायव्हरची आहे. साध्या बटणांसाठी लिहिलेला हा ड्रायव्हर लहान आहे आणि त्यात या विषयाचे बहुतेक प्रश्न भेटतात. बटण दाबले की धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि एका दाबाचे अनेक संकेत होतात. म्हणून हँडलर लगेच निर्णय घेत नाही. काही मिलिसेकंदांनी, वेगळे काही सांगितले नसेल तर 5, बटणाची स्थिती पुन्हा पाहण्याचे काम सोपवून तो परततो. ते सोपवलेले काम अजून व्हायचे आहे आणि त्याच क्षणी कोणी ड्रायव्हर काढून टाकला, तर काय होईल? उत्तर त्या फाइलमध्ये आहे. ते सापडले की पुढच्या पानावर या.

हूटगळ्ळी, म्हैसूर