आवाळूची जुनी गोष्ट

डोक्यात केसांखाली, मानेवर किंवा पाठीवर एक मऊ, गुळगुळीत गाठ येते. दुखत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. आपल्याकडे तिला जुना शब्द आहे, आवाळू. पण जुन्नर काय, आंबेगाव काय, 'गाठ' हा शब्द कानावर पडला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. गाठ म्हणजे कॅन्सरच!

सुश्रुतसंहितेनं मात्र 'ग्रंथी' आणि 'अर्बुद' असे दोन वेगळे विकार सांगितले. त्यातली मेदोज ग्रंथी स्निग्ध, फारशी न दुखणारी. फुटली की आतून पेंडीसारखा, तुपासारखा पदार्थ येतो. आवाळू फुटलेलं ज्यानं पाहिलंय त्याला हे वर्णन लगेच पटेल. उपाय म्हणजे चिरून आतलं काढणं आणि डाग देणं. अर्बुद काढताना काही शिल्लक राहिलं तर ते पुन्हा वाढतं, असंही बजावलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्नरजवळच्या हिवऱ्याला अलेक्झांडर गिब्सन या सर्जननं सरकारी बागेत औषधी वनस्पती पिकवल्या. औषध शिवारात होतं, पण शस्त्रक्रियेसाठी भूल सहसा मिळत नव्हती. याच शतकात, 1820 च्या सुमारास, इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरचं आवाळू ॲस्टली कूपरनं काढलं, तेही भुलीविना. कूपरला धास्ती होती ती गाठीची नव्हे, नंतर होणाऱ्या धावऱ्याची. राजा बरा झाला आणि कूपरला बॅरोनेट हा किताब मिळाला.

पुढे 1846 मध्ये ईथरची भूल आली. 1867 मध्ये लिस्टरनं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. पुण्यात ससून रुग्णालय सुरू झालं तेही त्याच वर्षी. 1884 पासून तेवढाच भाग बधिर करणं शक्य झालं. राजानं सोसलं ते आज ग्रामीण रुग्णालयातही एका इंजेक्शनवर भागतं.

एक समज मात्र टिकून आहे, की आत चरबी असते. बहुतेकदा ती चरबी नसतेच. त्वचेच्या पेशींची पिशवी आत तयार होते आणि तिच्यात केराटिन साचतं, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात तेच द्रव्य. घरी पिळून ते निघतं, पिशवी राहते. मग गाठ पुन्हा भरते, नाहीतर पिकते. म्हणून डॉक्टर पिशवीसकट काढतात. गाठ झपाट्यानं वाढली, कडक झाली किंवा तिच्यावर जखम झाली, तर ती दाखवायलाच हवी. एरवी आवाळू आयुष्यभर तसंच राहिलं तरी बिघडत नाही.