मेंदूच्या भिंतीची गोष्ट

आमच्या गटात एक काकू आहेत. बारा वर्षांत त्यांचा हप्ता कधी चुकला नाही. मागच्या वर्षी मात्र एका हप्त्यावरून त्या दोन बैठकांत भांडल्या. "मी भरलाय" म्हणायच्या, पण पासबुक सापडेना. शेवटी मीच वहीत दंड लिहिला. बायका म्हणाल्या, म्हातारचळ लागला. पुढे डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, तेव्हा मी त्याविषयी मिळेल ते वाचलं. त्यातला इतिहास आज सांगते.

१९०१ साल. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई मनोरुग्णालयात दाखल झाली. नवऱ्यावर संशय घ्यायची, घरातल्या वस्तू लपवायची. तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्याशी बोलायचे आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवायचे. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने स्वतःचंच सांगितलं. ताटात फ्लॉवर आणि मांस होतं, ती म्हणाली पालक खातेय. १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर घट्ट साके साचलेले, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. म्हणजे बाई हट्टी नव्हती, वेडीही नव्हती. तिच्या मेंदूत दिसेल असा बिघाड होता.

आता दुसरी गोष्ट, तीही जर्मनीतलीच. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळं शरीर रंगलं, मेंदू कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंग चढतच नाही. पण १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं! रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आड येतं, हे उघड झालं. १९६० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते दिसलंही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी गोधडीच्या दाट टाक्यांसारख्या एकमेकींना शिवलेल्या असतात. यालाच ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. म्हणून मग बरीच वर्षं असं धरलं गेलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपल्या शरीराचे राखणदार, मेंदूत शिरत नाहीत.

या दोन गोष्टी एकत्र यायला खूप वर्षं गेली. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज येते. सुजलेल्या वाहिनीच्या आतल्या बाजूला चिकट प्रथिनं उगवतात. गवतातून चालताना लुगड्याला कुसळं धरतात ना, तशी रक्ताबरोबर धावणारी पांढरी पेशी त्यांना अडकते. आधी गडगडत हळू होते, मग घट्ट चिकटते, चपटी होते आणि भिंतीतून पलीकडे सरकते. २०१५ साली इटलीतल्या व्हेरोना विद्यापीठातल्या गॅब्रिएला कॉन्स्टँटिन आणि सहकाऱ्यांनी हे अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत दाखवलं. या पेशी न्यूट्रोफिल जातीच्या. एरवी त्या जखमेतल्या जंतूंना मारतात. इथे मारायला जंतू नव्हते, तरी त्यांनी नासधूस केली. त्यांचं 'एलएफए-वन' नावाचं कुसळ औषधाने बांधून टाकलं, तर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात माणसांच्या मेंदूतही, त्या साक्यांजवळ, टी-पेशी सापडल्या. मात्र ही चिकट वाट अडवून अल्झायमर थांबवेल असं औषध माणसांसाठी अजून आलेलं नाही. कोणी तसं सांगून पैसे मागितले, तर देऊ नका.

काकूंचा दंड आम्ही परत दिला. त्या म्हणाल्या, कसला दंड? हप्त्याच्या दिवशी आता त्यांची सून सोबत येते आणि पासबुक गटाच्या पेटीत राहतं. तुमच्या गटात कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, पैशांचा हिशेब चुकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरीही असा विसर पडतो, आणि त्यावर गोळ्या आहेत.