वर्गमुळात मावलेली आग

आमच्या टीमला एकेकाळी एका आकड्याने पछाडलं होतं. ग्राहकाची तक्रार आल्यापासून पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं, हा तो आकडा. पंधरा मिनिटांच्या आत गेलं की डॅशबोर्ड हिरवा. दोन आठवड्यांत मी एक स्क्रिप्ट लिहिली. तक्रार आली की 'आम्ही यात लक्ष घातलं आहे' असा मेसेज आपोआप जायचा. डॅशबोर्ड हिरवागार झाला. तक्रारी मात्र आधीइतक्याच दिवस पडून राहायच्या. मला शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतलीही.

त्यानंतर कधीतरी मी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाबद्दल वाचलं आणि ती शाबासकी आठवून कानकोंडा झालो.

गोष्ट 1968 ची. जॉन लिंडसे महापौर होते. आगीचे कॉल झपाट्याने वाढत होते, खोटे कॉल त्याहून वेगाने. शहराने रँड कॉर्पोरेशनला बोलावलं. ही शीतयुद्धातल्या अमेरिकी लष्करासाठी गणितं मांडणारी संस्था. पुढच्या वर्षी 'न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट' उभी राहिली. अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन ओ'हेगन हे स्वतः आधुनिक पद्धतींचे भोक्ते होते, त्यामुळे गणितज्ञांना दार उघडं मिळालं.

पहिलाच प्रश्न अवघड होता: अग्निशमन दल चांगलं काम करतंय हे मोजायचं कशाने? वाचलेल्या जिवांनी? पण न घडलेला मृत्यू मोजता येत नाही. नुकसानीने? ते इमारतीचं वय, वायरिंग, हिवाळा, घरमालकाची नियत अशा शंभर गोष्टींवर ठरतं. मग उरला प्रतिसादाचा वेळ, म्हणजे कॉल आल्यापासून पहिला बंब दारात पोहोचेपर्यंतची मिनिटं. तो घड्याळात दिसतो. काही निवडक गाड्यांवर तर अधिकाऱ्यांच्या हातात स्टॉपवॉच देऊन तो टिपून घेतला.

यातून जे सूत्र निघालं ते खरंच देखणं आहे. पीटर कोलेसर आणि एडवर्ड ब्लम यांनी दाखवलं की एखाद्या भागात बंबाला सरासरी जितकं अंतर कापावं लागतं, ते तिथल्या उपलब्ध बंबांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर निम्मं करायचं तर बंब चौपट लागतात. आता हेच उलट्या बाजूने बघा. भागात दोन बंब असतील आणि एक काढला, तर अंतर 41 टक्क्यांनी वाढतं. नऊपैकी एक काढला तर जेमतेम 6 टक्क्यांनी. म्हणजे खर्च कमी करायचा असेल तर कात्री कुठे लावायची? जिथे बंब दाटीवाटीने आहेत तिथे.

आणि ते दाटीवाटीने कुठे होते? दक्षिण ब्रॉंक्स, ब्रुकलिनमधलं ब्राउन्सव्हिल, बुशविक. तिथे रोज आगी लागत होत्या, म्हणूनच तर तिथे जादा बंब दिले होते. डेनिस स्मिथ या फायरमनने 1972 मध्ये आपल्या 'इंजिन कंपनी 82' वर पुस्तक लिहिलं. दक्षिण ब्रॉंक्समधल्या त्या केंद्रातली माणसं एका आगीवरून परतताना दुसरीकडे वळत होती. त्याच वर्षापासून याच भागांतले बंब बंद किंवा हलवायला सुरुवात झाली.

सूत्र चुकीचं नव्हतं, हे मला इंजिनियर म्हणून सांगावंसं वाटतं. त्यात 'उपलब्ध' हा शब्द होताच. नऊपैकी सहा बंब आधीच आगीवर गेले असतील तर उरतात तीन, आणि त्यातला एक तुम्ही बंद केलेला असेल तर अंतराची वाढ 6 नाही, 22 टक्के होते. आग लागते ती बहुधा अशाच रात्री. वर्षाची सरासरी काढली की ती रात्र दिसेनाशी होते. शिवाय पहिला बंब पोहोचल्यावर घड्याळ थांबतं. दुसरा कधी येणार, थकलेली माणसं त्या दिवशी कितव्यांदा बाहेर पडली, हे त्या आकड्यात नाही.

पत्रकार जो फ्लड यांनी 2010 मध्ये 'द फायर्स' या पुस्तकात आणखी आरोप केले: स्टॉपवॉचची नोंद भरवशाची नव्हती, मॉडेलने रहदारीला जवळपास महत्त्वच दिलं नाही, आणि वजनदार माणसांच्या वस्तीतलं केंद्र बंद करायची शिफारस आली की ती बाजूला पडायची. त्यांनीच दिलेला आकडा असा, की 1970 ते 1980 मध्ये ब्रॉंक्समधल्या सात जनगणना विभागांनी 97 टक्क्यांहून जास्त इमारती गमावल्या, काही आगीत, काही मालकांनी वाऱ्यावर सोडल्याने.

सगळं खापर गणितावर फोडणं सोपं आहे, आणि ते खोटं ठरेल. बँका त्या वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या, घरमालक विम्यासाठी घरं पेटवत होते, आणि 1975 मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. रँडच्या लोकांनी 'निसरडं पाणी'ही दिलं. पाण्यात रसायन मिसळून घर्षण कमी करायचं, म्हणजे बारीक, हलक्या पाइपातूनही जोरदार धार मिळते. फायरमनना ते आवडलं. कोलेसर आणि त्यांचे सहकारी वॉरन वॉकर यांना बंबांच्या तात्पुरत्या हलवाहलवीच्या गणितासाठी लँचेस्टर पुरस्कार मिळाला, तोही योग्यच. पण ज्यांना केंद्रं बंदच करायची होती त्यांच्या हातात या आकड्यांनी एक सभ्य कारण दिलं. 'तुमच्या भागात फक्त काही सेकंद वाढतील.'

नोव्हेंबर 1975 मध्ये ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधल्या लोकांना हे कारण पटलं नाही. इंजिन कंपनी 212 बंद करायला माणसं आली तेव्हा वस्तीतले लोक आत घुसले आणि त्यांनी बंब बाहेर जाऊ दिला नाही. बहुतेक पोलिश वंशाची कामगार कुटुंबं होती. पाळ्या लावून ती अग्निशमन केंद्रातच राहू लागली. हे वर्षाहून जास्त काळ चाललं. शेवटी शहर नमलं. 'लोकांचं अग्निशमन केंद्र' हे नाव तिथेच पडलं.

मी त्या जागेचे फोटो शोधून बघितले. लाल दरवाजाची साधी विटांची इमारत आहे.

2003 मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी बचतीसाठी सहा केंद्रं बंद केली. त्यांत 212 होतं. या वेळी ते पुन्हा उघडलं नाही.