संतूर: एका 'नापास' वाद्याची गोष्ट

दिवाळीत भोकरला गेलो होतो. माळा आवरताना जुन्या कॅसेट्सचा खोका सापडला. भजनांच्या कॅसेट्सखाली एक एकल संतूरवादनाची होती. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडलाय, म्हणून तोच राग मोबाईलवर लावला. बाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "गोड आहे, पण गळ्यासारखं नाही रे!"

मला हसू आलं. कारण सत्तर वर्षांपूर्वी मुंबईतले जाणकारही हेच म्हणाले होते.

साल 1955, हरिदास संगीत संमेलन. जम्मूहून आलेले शिवकुमार शर्मा तेव्हा सतरा वर्षांचे होते. काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं शंभर तारांचं हे वाद्य त्यांनी शास्त्रीय मंचावर आणलं. लोकांना आवडलं, पण जाणकारांची हरकत होती: यावर मींड निघत नाही. सतारीची तार ओढता येते. संतूरवर मात्र कलमाचा आघात झाला की सूर वाजतो आणि विरून जातो. मग आलाप करायचा कसा? आमच्या भाषेत सांगायचं तर, मूळ रिक्वायरमेंटच पूर्ण होत नव्हती.

शर्मांनी वाद घातला नाही. वाद्यच बदलायला घेतलं. तारांची आणि घोड्यांची मांडणी बदलली. तिवईवरचं संतूर मांडीवर घेतलं, म्हणजे नको तेवढा घुमारा कमी होईल. कलम तारांवर हलकेच घासत नेऊन सूर लांबवला. त्याच 1955 मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'च्या पार्श्वसंगीतात संतूर वाजलं होतं, पण खरी परीक्षा होती 1960 ची, त्यांच्या पहिल्या एकल ध्वनिमुद्रिकेची. मैफलीत नावीन्याच्या टाळ्या मिळतात. तबकडीवर ते चालत नाही. समोर वादक दिसत नाही, तीच बाजू लोक पुन्हा पुन्हा ऐकतात, आणि सूर तुटला तर तो दर वेळी तिथेच तुटतो!

याचा आपल्या मराठवाड्याशीही एक धागा आहे बरं का. ख्यालगायक पं. सी. आर. व्यास यांचा जन्म 1924 चा, उस्मानाबादचा (आताचं धाराशिव). त्यांचा मुलगा सतीश व्यास. ज्या घरात मींड रोज कानावर पडायची, त्या घरातल्या मुलाने संतूर निवडलं आणि शर्मांकडे शिकला. पुढे 2003 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे उल्हास बापट तर संतूर बाराही स्वरांत लावायचे, म्हणजे राग बदलला तरी तारा पुन्हा जुळवायला नकोत.

मला यातलं काय भावतं? हरकत खोटी नव्हती. संतूर आजही गळ्यासारखं गात नाही. ते मान्य करूनच या लोकांनी आयुष्यभर काम केलं. शर्मा 2022 मध्ये गेले, तोवर संतूर म्हटलं की शास्त्रीय वाद्यच डोळ्यासमोर येऊ लागलं होतं.

असो. बाबांचं मत काही बदललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "ते कालचं लाव बरं जरा."