व्होल्वो : मोटार, बस आणि एक पट्टा

पुण्या-मुंबईकडे कोणी 'व्होल्वोने आलो' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बस येते! २००१ साली व्होल्वोच्या बसगाड्या भारतात आल्या आणि पुढे एसटीच्या 'शिवनेरी'मुळे हे नाव घराघरांत पोचले. इथे ईस्ट कोस्टला मात्र ईसीपीवर त्याच नावाच्या मोटारीही दिसतात. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

व्होल्वो म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो'. हे नाव आधी एसकेएफने, म्हणजे चिंचवडच्या कारखान्यामुळे पुणेकरांच्या ओळखीच्या बेअरिंगवाल्या स्वीडिश कंपनीने, नोंदवून ठेवले होते. आसार गाब्रिएलसन आणि गुस्ताफ लार्सन यांनी त्या नावाने १४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्गमध्ये पहिली मोटार बाहेर काढली. तिच्यावर पक्के छप्पर नव्हते. स्वीडनच्या थंडीत!

पण या कंपनीचे खरे नाव झाले ते सीटबेल्टमुळे. पूर्वीचा पट्टा फक्त पोटावरून जाई आणि अपघातात त्याचाच काच बसून आतल्या अवयवांना इजा होई. निल्स बोलिन हे आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करीत. व्होल्वोत आल्यावर १९५९ मध्ये त्यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, पण इतर कारखानदारांना तो वापरू दिला. आज तुमची गाडी कोणत्याही कंपनीची असो, पट्टा बोलिन यांच्याच पद्धतीचा असतो.

तो मागच्या सीटवरही असतो, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. चांगीवर उतरलेले आजी-आजोबा "मागे कशाला पट्टा?" म्हणतातच. सिंगापुरात तो मागेही सक्तीचा आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळे आसन लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला नाही. उंच बसवणारी मुलांची गादीही व्होल्वोनेच १९७८ मध्ये आणली.

जाता जाता : १९९९ मध्ये मोटारींचा विभाग फोर्डने घेतला आणि २०१० पासून तो चीनच्या जीलीकडे आहे. बसगाड्या मूळ स्वीडिश कंपनीकडेच राहिल्या. त्यामुळे शिवनेरीची व्होल्वो आणि शेजाऱ्यांची व्होल्वो यांचे आता फक्त नाव एक!