आगीपुढे शब्द एकाचाच

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. त्यामागची गोष्ट आज सांगतो.

१९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. बंब आले, पाणी मारू लागले. पण जहाज जागीच बुडवायचे की समुद्रात न्यायचे? कप्तान, गोदीवाले, लष्कर, बंबवाले सगळे हजर होते. शेवटचा शब्द कोणाचाच नव्हता. चारनंतर स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत ६६ अग्निशमन जवान.

१९७० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वणव्यांतही असाच घोळ झाला. त्यानंतर तिथे रीत बसवली, ती पुढे आपल्याकडेही आली. आधी पोचलेला अधिकारी प्रमुख. त्याने परिस्थिती पाहायची, कामे वाटायची. वरिष्ठ आल्यास सगळे सांगून सूत्रे सोपवायची. आग विझली तरी माणसे मोजल्याशिवाय, धग तपासल्याशिवाय निघायचे नाही. शेवटी काय चुकले ते बसून बोलायचे.

कडब्याची गंजी पेटली की आपण सगळ्याच ओरडतो. पुढच्या बैठकीत ठरवू या: १०१ला फोन कोण करणार, गुरे कोण सोडणार, आणि शब्द कोणाचा चालणार.