चेसिसचा ठसा काय सांगतो?

भंगार वितळवून सळया घडवणाऱ्या भट्ट्यांसाठी जालना प्रसिद्ध आहे. त्यामुळे मळ्यातील शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी पिकअप जीप दिसली, की तिचे वजन किती भरेल, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. तिचे मोल मात्र सांगाड्यावर ठोकलेल्या काही आकड्यांवर ठरू शकते. हे आकडे भट्टीत जाण्यापूर्वी वाचलेले बरे.

अशा वाहनावर तीन वेगवेगळ्या खुणा असतात. नंबर प्लेटवरील नोंदणी क्रमांक शासनाने दिलेला असतो, तर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक कारखान्याने दिलेले असतात. यांपैकी चेसिस क्रमांक ही वाहनाची खरी ओळख. नोंदणीच्या अर्जावर पेन्सिल घासून त्याचाच ठसा घेतला जातो, तो याच कारणाने.

नोंदणी क्रमांकावरून वाहनाचे वय काढणे फसवे ठरते. जालन्याचा ‘एमएच-२१’ हा संकेत १९८९ नंतरच्या पद्धतीतील आहे. तत्पूर्वीच्या महाराष्ट्रातील गाड्यांवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे व पुढे आकडे असत. साठच्या दशकातील जीपवर ‘एमएच-२१’ दिसल्यास तिची नोंदणी नंतर नव्याने झाली, एवढेच सिद्ध होते. शिवाय जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे कागद औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे शोधावे लागतात आणि परतूर तालुक्यातील गाडी असेल तर परभणीकडे पाहावे लागते. १९५६ पूर्वी हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात होता, हेही ध्यानात ठेवावे.

चेसिस क्रमांकाचे दोन काळ मानता येतील. आजचा १७ अक्षरांचा क्रमांक सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील आंतरराष्ट्रीय मानकातून आला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक व शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची असतात. ‘एमए१’ म्हणजे महिंद्र, ‘एमएटी’ म्हणजे टाटा, ‘एमसी१’ म्हणजे फोर्स, अर्थात पूर्वीची बजाज टेम्पो. दहावे अक्षर बहुधा वर्षाचे असते. १९८० साठी ‘ए’पासून आरंभ होऊन काही अक्षरे गाळत २००० साठी ‘वाय’ येते, मग २००१ ते २००९ साठी एक ते नऊ अंक आणि २०१० पासून पुन्हा ‘ए’. म्हणून ‘के’ हे अक्षर १९८९ चे की २०१९ चे, हे गाडीकडे पाहूनच ठरवावे लागते. सुदैवाने त्यात चूक होणे कठीण आहे.

त्याआधीच्या गाड्यांना ही किल्ली लागू पडत नाही. तेथे प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी. महिंद्रने मुंबईत ज्या विलीज जीपपासून आरंभ केला, तिच्या अमेरिकी मूळ रूपाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९५३ च्या सीजे-३बी जीपचा क्रमांक ‘४५३-जीबी२’ने सुरू होई. पहिला चार सिलिंडरचा, पुढचे ५३ वर्षाचे. १९५५ पासून मात्र कंपनीने वर्षच वगळले आणि ‘५७३४८’ असा केवळ मॉडेल सांगणारा संकेत आणला. चालकाची केबिन इंजिनावर असलेल्या एफसी-१५० या पिकअपसाठी ‘६५५४८’ होता. येथे वर्ष काढायचे तर संकेतापुढील अनुक्रमांक जुन्या याद्यांशी ताडावा लागतो. भारतात बनलेल्या गाड्यांवर हेच संकेत असतील, असे गृहीत धरू नये.

इंजिनाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. या जीपचा इंजिन क्रमांक पाण्याच्या पंपामागे ब्लॉकवरील उंचवट्यावर असतो आणि मूळ पेट्रोल इंजिनाचा ‘४जे’ने सुरू होतो. परंतु पेट्रोल परवडेनासे झाल्यावर असंख्य जीपमध्ये डिझेल इंजिने बसली. तो बदल आरसी बुकात नोंदलेला नसेल, तर अडचण तेथेच सुरू होते.

कारण जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली आणि वैयक्तिक वापरातील दुचाकी-चारचाकी वाहने त्यात बसतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षांसाठी असते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या पिकअपच्या मालकाने वैयक्तिक वापराची अट आधी वाचावी. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपचे वय निर्मितीपेक्षा कमी भरू शकते, कारण कागदोपत्री ते नागरी नोंदणीच्या तारखेवरून मोजले जाण्याची शक्यता असते.

ठसा वाचताना ग्राइंडर वापरू नये. रॉकेल आणि मऊ ब्रशने रंग व गंज उतरवावा, टॉर्च तिरपा धरावा, मग कागद ठेवून पेन्सिल फिरवावी. आकड्यांची उंची असमान दिसली, भोवतीचा पत्रा घासलेला वा वेल्डिंग केलेला आढळला, तर व्यवहार थांबवून परिवहन कार्यालयातील नोंद पाहावी. पुसट झालेला क्रमांक परवानगीविना पुन्हा ठोकून घेतल्यास अस्सल गाडीही संशयित ठरते.